तीन दिवस पाऊस नाही, तरी पाइप वाहतोय

प्रश्न असा आहे: "मी न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या कौन्सिलवर नुकताच निवडून आलो. पेशाने आयटीवाला. पहिल्याच बजेट मीटिंगला आमच्या इंजिनिअरने स्टॉर्मवॉटर परमिटच्या नावावर पाइपांचा नकाशा, गटार उपसायचा ट्रक आणि एक जादा माणूस मागितला. आमच्या गावात तर पाणी तुंबत नाही. हे परमिट असतं काय, आणि त्यात खरं किती, कागदी किती?"

आधी अभिनंदन. आता तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य धरतो: 'आमच्या गावात पाणी तुंबत नाही.' आपल्या डोक्यात पर्जन्यजलवाहिनी म्हटलं की २६ जुलै २००५ येतो, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर येतात, आणि दर मे महिन्यातली नालेसफाईची भांडणं येतात. पाणी निघून गेलं की काम झालं, साचलं की खातं नालायक. मीही हेच डोक्यात घेऊन इकडे आलो आणि पहिली दोन वर्षं चुकीच्याच गोष्टी तपासत बसलो. तुमच्या टाउनशिपचं परमिट पुरासाठी दिलेलं नाही. पाइपातून ओढ्यात काय जातं, याचा जाब विचारायला ते दिलेलं आहे.

जर्सी सिटी, नेवार्क, होबोकेन अशा जुन्या शहरांत बऱ्याच भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं. त्यांचं परमिट वेगळं आणि त्यांची दुखणीही वेगळी. तुमच्यासारख्या उपनगरात दोन पाइप असतात. संडास-मोरीचं पाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी कुठेही प्रक्रिया न होता, जसंच्या तसं, जवळच्या ओढ्यात. मी हे शाळेत मुलांना सांगतो तेव्हा मुलांपेक्षा शिक्षकच जास्त दचकतात. गाडीचं तेल, लॉनवरचं खत, कुत्र्याची विष्ठा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळं त्याच वाटेने. आणि त्या पाइपाचा मालक तुमची टाउनशिप, म्हणून कायद्याच्या नजरेत ओढ्यात घाण सोडणारीही टाउनशिपच. घाण कुणी टाकली हा पुढचा प्रश्न.

इतिहास थोडक्यात उरकतो. क्लीन वॉटर ॲक्ट १९७२ चा. पाइपातून नदीत काही सोडायचं तर परमिट हवं, हा त्याचा गाभा. पण पावसाचे पाइप देशभर लाखोंनी. ईपीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, हात झटकले आणि त्यातल्या बहुतेकांना सूट दिली. पर्यावरणवादी कोर्टात गेले, आणि १९७७ साली अपील कोर्टाने सांगितलं की अशी सरसकट सूट द्यायचा अधिकार ईपीएला नाही. मग १९८३ मध्ये देशभरातल्या शहरांच्या पावसाळी पाण्याच्या अभ्यासाचा अहवाल आला आणि हे पाणी स्वच्छ नसतं हे आकड्यांनी दिसलं. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायद्यातच कलम घातलं. १९९० च्या नियमांत एक लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरी यंत्रणा आल्या, १९९९ च्या नियमांत शहरी पट्ट्यातल्या लहान गावांची पाळी लागली. न्यू जर्सीने २००४ पासून हे लागू केलं, तेव्हा टियर ए आणि टियर बी असे दोन गट होते. २०२३ च्या परमिटपासून बी गटातली गावंही ए मध्ये ढकलली, म्हणजे राज्यातल्या साडेपाचशेहून जास्त नगरपालिकांपैकी 'आम्ही लहान, आम्हाला माफ करा' म्हणायची सोय आता कुणालाच नाही.

कायद्यातली कसोटी दुहेरी आहे आणि दोन्ही भाग वेगळ्या ताकदीचे आहेत. पावसाच्या पाण्यातलं प्रदूषण 'व्यवहारात शक्य असेल तितकं पुरेपूर' कमी करा, हा पहिला. या शब्दांवर वकिलांची एक अख्खी पिढी पोसली गेली. दुसऱ्यात मात्र सैलपणा नाही: पावसाचं नसलेलं पाणी या पाइपांत जवळपास येऊच द्यायचं नाही. स्वच्छ भूजल, झाडांना घातलेलं पाणी, घरासमोर गाडी धुतलेलं पाणी यांना सहसा माफी असते. कपडे धुतलेल्या साबणाचं, मैल्याचं, कारखान्याचं, हॉटेलच्या किचनचं पाणी चालत नाही.

लहान गावांच्या परमिटात सहा कामं ठरलेली असतात: लोकांना सांगणं, लोकांना सहभागी करून घेणं, चोरटी जोडणी शोधून तोडणं, बांधकामावरची माती ओढ्यात जाऊ न देणं, बांधकाम झाल्यावर त्या जागेचं पाणी कायम सांभाळणं, आणि गावाचं स्वतःचं अंगण स्वच्छ ठेवणं. पहिली दोन फारशी अवघड नाहीत. न्यू जर्सीत त्यासाठी वर्षाला किमान १२ गुण जमवायचे असतात, शाळेत कार्यक्रम केला, ओढा साफ केला, पत्रक वाटलं की गुण मिळतात. बहुतेक गावं तेवढे गुण मिळवतात आणि खूश होतात. बांधकामावरच्या मातीचं काम इथे बरंचसं सॉइल कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे मृदसंधारणाच्या स्थानिक यंत्रणेकडे असतं. ५,००० चौरस फुटांहून जास्त जमीन उकरायची तर त्यांच्याकडे आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. तुमचा इंजिनिअर या तिन्हींबद्दल फारसा रडणार नाही. तो रडतोय ते उरलेल्या तिन्हींसाठी.

चोरटी जोडणी म्हणजे काय ते एका प्रसंगातून सांगतो. गावाचं नाव नको. नियम असा की प्रत्येक आउटफॉल, म्हणजे पाइप जिथे ओढ्यात तोंड उघडतो ती जागा, पाच वर्षांतून निदान एकदा कोरड्या हवेत पाहायची. पाऊस थांबून ७२ तास झालेले हवेत. त्या वेळी पाइप कोरडा असायला हवा. वाहत असला तर ते पाणी कुणाचं, हा प्रश्न उभा राहतो. ऑगस्टमधला चौथा कोरडा दिवस होता, मी आणि पब्लिक वर्क्सचा एक जुना फोरमन झाडीतून खाली उतरलो, आणि अठरा इंची काँक्रीट पाइपातून करंगळीएवढी धार. बाटली भरून हलवली. फेस आला आणि बसेना. वास ओळखीचा, ताज्या धुतलेल्या चादरींचा.

अशा वेळी आधी नमुन्याच्या चाचण्या करतात: डिटर्जंट, अमोनिया, जंतू, क्लोरीन. डिटर्जंट आणि अमोनिया दोन्ही चढे असले तर मैला धरून चाला. नुसता डिटर्जंट असेल तर धुणं. नळाच्या पाण्याची खूण म्हणून पुस्तकात फ्लुराइड लिहिलेलं असतं, पण न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात फ्लुराइड घालतच नाहीत, त्यामुळे ती खूण इथे बऱ्याचदा फसवते. आमच्याकडे अमोनिया जवळपास नव्हता. मग सुरू झाला खरा खेळ: मॅनहोलमागून मॅनहोल उघडत वर चढायचं. इथे धार आहे, पुढच्यात आहे, त्याच्या पुढच्या दोन फाट्यांपैकी डाव्यात आहे, उजवा कोरडा. इथे नकाशा नव्हता. फोरमनच्या डोक्यात होता, तोही अर्धा. एक मॅनहोल कुणीतरी डांबराखाली गाडलेलं निघालं. ज्या कामाला नकाशा असता तर एक सकाळ लागली असती, त्याला तीन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस येतो की काय म्हणून आम्ही आकाशाकडे बघत होतो.

शेवटी एका गल्लीत येऊन धार थांबली. धार अधूनमधून येते, म्हणजे मशिनच्या लोडबरोबर येते, हे तोवर कळलं होतं. घर एका वयस्कर बाईंचं. तळघरात सम्प पंप, म्हणजे खड्ड्यात जमलेलं भूजल बाहेर फेकणारा पंप, आणि वॉशिंग मशिनची पाणी सोडायची नळी त्याच सम्पच्या खड्ड्यात सोडलेली. पंप ते पाणी रस्त्याकडेच्या पाइपात ढकलणार, पाइप ओढ्यात. सम्पमधलं भूजल सोडायला बंदी नाही, त्यात साबण मिसळला की बंदी. आम्ही मशिनमध्ये हिरवा रंग टाकला, फोरमन खाली आउटफॉलपाशी गेला, आणि थोड्या वेळाने फोनवर फक्त एवढंच म्हणाला, "हिरवं आलं." बाईंना बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं. नवऱ्याने कधीकाळी स्वतःच्या हाताने केलेली ती जोडणी होती. दंड केला नाही. प्लंबर बोलावून मशिन सांडपाण्याच्या पाइपाला जोडून घेतलं, पुन्हा रंग टाकून खात्री केली, तारखांसकट कागद फाइलला लावला. परमिटला हेच हवं असतं: कधी दिसलं, कसं शोधलं, कुणी तोडलं, पुन्हा कधी तपासलं.

म्हणून तुमच्या इंजिनिअरने नकाशा मागितला असेल तर द्या. माझं मत विचाराल तर ट्रकच्या आधी नकाशा. त्यात नुसते आउटफॉल असून भागत नाही. २०२३ च्या परमिटमध्ये जाळ्या, मॅनहोल, पाइप, पाणी साठवायची बेसिनं, सगळं यायला हवं आहे. आपला पाइप कुठून कुठे जातो हेच ठाऊक नसलेल्या गावाने त्यातल्या पाण्याबद्दल बोलायचं म्हणजे कुलपाला किल्ली न लावता दार ढकलायचं.

ट्रकबद्दल दोन शब्द. जाळीखालच्या चौकोनी खड्ड्याला कॅच बेसिन म्हणतात. त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा खोल ठेवलेला असला तर वाळू-पाला खाली बसतो आणि पाणी वरून जातं. तळ भरला की पुढचा पाऊस साठलेलं सगळं उचलून ओढ्यात नेतो. मॅसॅच्युसेट्सच्या परमिटात तर सरळ मोजमाप दिलंय: कुठलंही बेसिन कधीही निम्म्याहून जास्त भरलेलं सापडता कामा नये. काठी घालून मोजता येतं, दोन मिनिटांचं काम. हा गाळ ओढून घेणारा वॅक ट्रक महाग असतो. शेजारच्या दोन-तीन टाउनशिप मिळून घेतात किंवा काउंटीकडून भाड्याने आणतात. हा प्रश्न मीटिंगमध्ये जरूर विचारा.

बांधकामानंतरच्या पाण्याचं काम सर्वांत किचकट, आणि तुमचं नाव त्याच्याशी सर्वांत जास्त जोडलं जाईल, कारण प्लॅनिंग बोर्डावरचे वाद शेवटी कौन्सिलच्या दारात येतात. राज्याचा नियम असा की एक एकर किंवा जास्त जमीन हलवली, किंवा पाव एकर नवं डांबर-काँक्रीट घातलं, की तो मोठा प्रकल्प. मग त्याने पाणी जिरवायचं, पाण्यातला गाळ अडवायचा (वाहनांच्या वाटांवरून येणाऱ्या पाण्यातला ८० टक्के), आणि वेग कमी करायचा: दोन, दहा आणि शंभर वर्षांतून एकदा पडतो तेवढ्या पावसासाठी निघणारं पाणी आधीच्या अनुक्रमे ५०, ७५ आणि ८० टक्क्यांवर आणायचं. गाळाचा हिशेब दोन तासांत १.२५ इंच पडणाऱ्या पावसावर करतात. मार्च २०२१ पासून हे हरित पद्धतीने करायचं, म्हणजे एका भल्यामोठ्या खड्ड्याऐवजी ठिकठिकाणी लहान लहान जिरवण्याच्या जागा. आणि जुलै २०२३ पासून पावसाचे आकडेच वाढवलेत. जुन्या आकड्यांवर केलेली गणितं बिल्डर अजून पुढे सरकवतात, तेव्हा तारीख बघत जा.

पण बांधून झाल्यावर काय? तुमच्याच टाउनहाउस कॉम्प्लेक्समागे गवताचा एक खोलगट भाग असेल, कुंपण घातलेला. ते बेसिन. ते एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, मालकीचं असलं तरी त्याची देखभाल होते की नाही याची खात्री करायची जबाबदारी गावावर आहे, आणि बहुतेक एचओएना हे कळतं तेव्हा बोर्डावरचे सगळे मूळ लोक घर विकून फ्लोरिडाला गेलेले असतात. एका ठिकाणी बेसिन तुडुंब, आठवडा झाला तरी रिकामं होईना. ७२ तासांत रिकामं व्हायला हवं, नाहीतर डास होतात आणि पुढच्या पावसाला जागा राहत नाही. खाली उतरलो तर तळाशी बरोबर मधोमध बावीस यार्डांची पट्टी, दगडासारखी टणक. आपल्याच मुलांनी क्रिकेटची पिच केली होती. मन लावून केलेली, दाबून, रोलर फिरवून. जिरवण्याच्या वाळूवर रोलर फिरवला की ती जिरवायचं सोडते. मुलांना दुसरी जागा शोधून दिली, वाळू उकरून पुन्हा भरली. त्या सोसायटीच्या बोर्डाशी माझं बोलणं मराठीतच झालं, ते एक बरं.

सहावं काम गावाच्या स्वतःच्या अंगणाचं, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याचा, म्हणजे डीईपीचा, माणूस तपासायला आला की तो पहिल्यांदा तिथेच जातो: पब्लिक वर्क्सचं यार्ड. मिठाचा ढीग छपराखाली आहे का, ट्रक कुठे धुता, डिझेल भरतात तिथली जाळी कुठे जाते. गावाने लोकांसाठी अध्यादेश काढायचेत: कुत्र्याची घाण उचला, बदकांना ब्रेड घालू नका, पानं रस्त्यावर ढकलू नका, उघड्यावर मीठ ठेवू नका, झाड तोडलं तर दुसरं लावा. खासगी मिठाचा अध्यादेश तर तारखांनी बांधलेला आहे, तात्पुरता ढीग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढाच. हे सगळं लोकांना लावायचं आणि आपल्याच यार्डात मीठ गळतंय, हे चित्र मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय.

तपासणीत गावं बहुतेक कशावर पडतात? प्रदूषण सापडलं म्हणून नव्हे. स्वतःच लिहिलेलं स्वतः केलं नाही म्हणून. प्रत्येक गावाचा एक लेखी आराखडा असतो, प्रदूषण प्रतिबंध योजना, आणि दरवर्षी १ मेपर्यंत आदल्या वर्षाचा अहवाल सहीनिशी द्यायचा असतो. एका गावाची योजना मी वाचायला घेतली, देखणी, बाइंड केलेली. अकराव्या पानावर शेजारच्या टाउनशिपचं नाव. दुसऱ्यांचा आराखडा उचलून नावं बदलली होती, एक राहून गेलं. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक जाळी दरवर्षी साफ करू. परमिट इतकं मागतच नव्हतं! शेजाऱ्यांकडे माणसं होती, यांच्याकडे नव्हती, पण वचन मात्र यांनीही देऊन टाकलं होतं. परमिटात मागितलंय तेवढं लिहा, लिहाल तेवढं करा, कराल तेवढ्याची नोंद ठेवा. कायद्यानुसार दंड आता दिवसाला साठ हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. लहान गावाला तो लावल्याचं क्वचितच दिसतं, पण ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक गावाला कोर्टात खेचू शकतो. ही तरतूद झोप उडवणारी आहे.

दोन गोष्टी येत्या काळात तुमच्यासमोर येतील. एक, पाणलोट सुधारणा योजना. २०२३ च्या परमिटने ती टप्प्याटप्प्याने मागितली आहे: आपलं पाणी कुठल्या ओढ्यात जातं, तो कशाने आजारी आहे, आपण त्यासाठी काय करणार, आणि खर्च किती. लेक होपॅटकाँगला २०१९ च्या उन्हाळ्यात शैवाल इतकं माजलं की किनारे बंद करावे लागले, आणि त्या सीझनवर जगणारे धंदे बसले. पाण्यात फॉस्फरस जास्त झालं की असं होतं, आणि तो फॉस्फरस सेप्टिक टँकांबरोबरच या जाळ्यांतूनही येतो. दुसरी, ४ मार्च २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध ईपीए निकाल. 'नदीचं पाणी मानकापेक्षा खराब होता कामा नये' अशी नुसती अंतिम फळाची अट परमिटात घालता येणार नाही, काय करायचं ते सांगा, असं कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं. काही नगरपालिकांनी पेढे वाटल्यासारखा आनंद केला. मला उलटं दिसतं: मोघम अट गेली की तिच्या जागी मोजता येणारी कामं येणार, अमुक इतक्या जाळ्या, अमुक इतकं फॉस्फरस. तेव्हाही नकाशा लागणारच.

पैशाचं सांगतो. हे काम सरकारने लादलं, पण नियमित पैसा दिला नाही. मालमत्ता करातून काढाल तर शाळा आणि पोलीस यांच्यामागे रांगेत उभं राहावं लागतं. न्यू जर्सीत मार्च २०१९ च्या कायद्यानुसार वेगळी स्टॉर्मवॉटर युटिलिटी काढून, ज्याचं डांबर जास्त त्याच्याकडून जास्त शुल्क घेता येतं. मॉलवाला भरेल, छोट्या घरवाल्याला थोडं. विरोधक त्याला लगेच 'पावसाचा कर' म्हणतील. मेरीलँडमध्ये याच नावाने निवडणुकीत धुरळा उडाला. शुल्काची भाषा काढायच्या आधी लोकांना तो ओढा दाखवा, मग बोला.

तुमच्यावर स्वतःवरही एक बंधन आहे, ते इंजिनिअर संकोचाने सांगणार नाही. नवीन निवडून आलेल्या सदस्याने सहा महिन्यांत डीईपीच्या संकेतस्थळावरचं स्टॉर्मवॉटरचं ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करायचं असतं. ते करून टाका, तपासणीत त्याची यादी मागतात.

आणि पुढच्या कोरड्या आठवड्यात इंजिनिअरला म्हणा, एक आउटफॉल दाखव. बजेटवर मत द्यायच्या आधी. गुडघ्यापर्यंतचे बूट घाला, फुलपँट मोज्यांत खोवा, आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड बसलीय का ते आधी बघा. न्यू जर्सीतल्या ओढ्याकाठी साप कमी, गोचिडी फार.